बदलापूरच्या आकाशातलं हिम

जुलै महिन्यात बदलापूरला कात्रपच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी भरतं, त्या वेळी त्याच पाण्याच्या बरोबर वर, जमिनीपासून साधारण पाच किलोमीटर उंचीवर, हिम पडत असतं. यात अतिशयोक्ती काही नाही. पावसाळ्यात कोकणपट्टीवर शून्य अंश तापमानाची रेषा सुमारे पाच किलोमीटरवर असते. माथेरानचं पठार आठशे मीटरचं. त्याच्याही वर आणखी चार किलोमीटर गेलं की पाणी गोठायला लागेल एवढी थंडी. अतिवृष्टी करणाऱ्या ढगांचा माथा या रेषेच्या कितीतरी वर, बारा-बारा, पंधरा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. तिथे बर्फाचे स्फटिक तयार होतात, एकमेकांना चिकटतात, जड होऊन खाली निघतात आणि शून्याची रेषा ओलांडली की काही शे मीटरच्या अंतरात वितळून जातात. आपल्या छत्रीवर येतं ते त्यांचं पाणी.

हे वितळणं प्रत्यक्ष पाहता येतं. मुंबईत हवामान खात्याची दोन डॉप्लर रडारं आहेत, एक कुलाब्याला आणि दुसरं जोगेश्वरीजवळ वेरावलीला. अर्धवट वितळलेल्या हिमकणावर पाण्याचा पातळ लेप चढलेला असतो. रडारच्या लहरींना असा कण एखाद्या अवाढव्य थेंबासारखा भासतो आणि त्या उंचीवर रडारच्या चित्रात उजळ पट्टा उमटतो. ढगांचा पहिला जोर ओसरून पाऊस एकसारखा पडायला लागला की हा पट्टा जास्त ठळक होतो. त्याच्या वर हिम, त्याच्या खाली पाऊस. मनालीच्या सहलीत भाड्याचा कोट आणि गमबूट घालून जे बघायला आपण दोन दिवसांचा प्रवास करतो, ते ऐन पावसाळ्यात आपल्याच डोक्यावर असतं. फक्त जमिनीपर्यंत टिकत नाही.

हिम आणि पाऊस यांच्यातला फरक हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि तो उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतून पाहिलेला आहे. जिथे जमिनीवर हिम कधीच पडलं नाही तिथे बसून हिमावर लिहिणं जरा उद्धटपणाचं वाटेल. पण याच तीन गावांना, त्यातही उल्हासनगरला, या विषयात बोलण्याचा असा एक हक्क आहे जो महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्या गावाला क्वचितच असेल. त्याकडे थोडं पुढे येतो. आधी ढगात काय घडतं ते.

ढगातलं पाणी शून्य अंशाला गोठतंच असं नाही. स्वच्छ हवेतला बारीक थेंब उणे दहा, उणे पंधरा अंशालाही पाणीच राहतो, कारण गोठायला सुरुवात करून देणारा धुळीचा योग्य कण त्याला भेटलेला नसतो. अशा अतिशीत थेंबांच्या गर्दीत चारदोन बर्फाचे स्फटिक आले की चित्र पालटतं. बर्फाच्या पृष्ठभागावर बाष्प जितक्या सहज बसतं तितकं पाण्याच्या पृष्ठभागावर बसत नाही. त्यामुळे स्फटिक वाढत जातात आणि आजूबाजूचे थेंब सुकत जातात. आल्फ्रेड वेगेनर यांनी ही कल्पना १९११ मध्ये मांडली. हे तेच वेगेनर, ज्यांचं नाव आपण शाळेत खंड सरकतात या सिद्धांतासाठी पाठ केलं. पुढे स्वीडनचे टोर बर्गेरॉन आणि जर्मनीचे वाल्टर फिंडायझेन यांनी १९३०च्या दशकात तिला पूर्ण रूप दिलं. काही काळ तर सगळाच पाऊस वितळलेलं हिम असतो, असं मानण्याकडे कल होता.

उष्ण प्रदेशाने हा समज मोडला, आणि त्यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. घाटमाथ्यावर दिवसच्या दिवस लागून राहणारा जो पाऊस असतो, त्यातला बराचसा ठेंगण्या ढगांतून येतो. त्यांचा माथा शून्याच्या रेषेला शिवतही नाही. समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगराला अडून वर चढते, थेंब होतात, लहानमोठे थेंब एकमेकांवर आपटतात, मोठे लहानांना गिळतात आणि पाऊस पडतो. या पावसाने जन्मात बर्फ पाहिलेलं नसतं. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था या ढगांमागे अनेक वर्षं लागलेली आहे. २००९ पासून तिने उपकरणं लावलेली विमानं ढगांत घातली आणि २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभी केली. ढगच चालत खिडकीत येतो अशी जागा या कामाला निवडावी हे ओघाने आलंच. तेव्हा आपल्या तीन गावांवर पडणाऱ्या पावसाची वंशावळ दुहेरी आहे. उंच ढगांतून येतो तो हिमाचा वंशज. कर्जत-खंडाळ्याच्या डोंगरांवर रिपरिपत राहतो तो बहुधा जन्मापासून पाणीच.

मग आपल्या अंगणात पडला तो कुठला? नुसत्या डोळ्यांनी हे सांगता येत नाही, पण थेंबांचा आकार थोडा माग देतो, आणि तो आकार मोजायला परात आणि मैदा एवढं पुरतं. ही युक्ती विल्सन बेंटली या अमेरिकन शेतकऱ्याची. व्हर्मांट राज्यातल्या जेरिको गावाच्या या माणसाने १५ जानेवारी १८८५ रोजी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचा फोटो काढला आणि १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत असे पाच हजारांहून जास्त फोटो जमवले. दोन हिमकण कधी सारखे नसतात हे वाक्य जगभर पसरलं ते मुख्यतः त्याच्यामुळे. हिमासाठी प्रसिद्ध असलेल्या या माणसाने पावसाच्या थेंबांवर केलेलं काम मात्र फार थोड्यांना माहीत असतं. १९०४ मध्ये त्याने ते छापलं. थेंबांच्या मापावरून वर ढगात काय घडलं असेल याचा अंदाज तो बांधू पाहत होता.

कृती अशी. मैदा चाळून परातीत बोटभर जाडीचा थर द्यायचा, पण दाबायचा नाही. वर झाकण ठेवून परात गॅलरीबाहेर धरायची, झाकण दोन-तीन सेकंदच काढायचं आणि परत लावायचं. प्रत्येक थेंब मैद्यात रुतून आपल्यापुरती एक गोळी करतो. परात वाळू द्यायची, मग सगळा मैदा चाळणीतून हलक्या हाताने चाळायचा. पीठ खाली पडतं, गोळ्या चाळणीत राहतात. गोळीचं माप म्हणजे जवळजवळ थेंबाचंच माप. मे अखेरीच्या वळवाला ही परात धरली तर गोळ्या मोजक्या आणि ठसठशीत मिळतात, काही तर साबुदाण्याहून मोठ्या. जुलैच्या संततधारेत मोहरीएवढ्या बारीक गोळ्यांची दाटी होते. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा मोठी गोळी सहसा सापडणार नाही, कारण त्याहून मोठा थेंब हवेच्या माऱ्याने वाटेतच फुटतो. चित्रातला थेंब वर निमुळता आणि खाली गोल काढतात तेही खोटं आहे. खरा मोठा थेंब पडताना खालून चपटा होतो. घरात या प्रयोगाला विरोध होतो तो मैद्याच्या नासाडीवरून, आणि तो रास्त आहे. मागच्या डब्यातला पोरकिडे झालेला मैदाही चालतो, फक्त तो नीट चाळून घ्यावा.

थेंब आणि हिमकण यांचा वेगही निराळा. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने येतो, म्हणजे पाच किलोमीटरवर वितळलेलं हिम बारा-तेरा मिनिटांत बदलापुरात पोहोचतं. हिमाचा पिंजलेला कण सेकंदाला जेमतेम मीटरभर उतरतो; तेवढंच अंतर कापायला त्याला तासाहून जास्त लागेल. थेंबाचं रूप एकच, हिमाची रूपं अनेक. उणे पाच अंशांच्या आसपास सुया, उणे पंधराच्या आसपास फांद्या फुटलेल्या षट्कोनी चांदण्या. जपानमध्ये होक्काइदो इथे उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत हिमस्फटिक वाढवले आणि पुढे कुठल्या तापमानाला कुठला आकार मिळतो याचा तक्ताच तयार केला. या भागावर पुस्तकात एक सचित्र प्रकरण आहे, म्हणून इथे आवरतं घेतो.

‘आपल्याकडे का नाही पडत?’ हा शाळेतल्या मुलांचा नेहमीचा प्रश्न, आणि ‘आपल्याकडे थंडी नसते’ हे त्यांना मिळणारं नेहमीचं उत्तर. ते अर्धंच खरं आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि जीपच्या टपांवर पांढरा थर चढतो. वर्तमानपत्रांत ‘महाबळेश्वरात बर्फ’ असा मथळाही येतो. पण ते आकाशातून पडलेलं नसतं. निरभ्र रात्री पानाची उष्णता वर निघून जाते आणि हवेतलं बाष्प पानावरच गोठतं. थंडी तर झाली, हिम का नाही? कारण त्या वेळी वर ढगच नसतो. आपल्याकडे ओलावा येतो तो उकाड्याच्या महिन्यांत, आणि थंडी पडते ती कोरड्या महिन्यांत. दोघांची गाठ पडत नाही. काश्मीर-हिमाचलात ती पडते, कारण तिथे भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात ऐन हिवाळ्यात ओलावा घेऊन पोहोचतात. आमचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. ते आणखी हजारभर मीटर उंच असतं तरी जानेवारीच्या निरभ्र आकाशाने त्याला काय दिलं असतं?

गारांची गोष्ट वेगळी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात गारपीट झाली, गहू, हरभरा, द्राक्षबागा झोपल्या आणि पांढऱ्याफेक शिवाराचे फोटो ‘जणू काश्मीर’ म्हणून फिरले. शेतकऱ्याच्या उभ्या पिकावर हा शब्द म्हणजे मीठ चोळणं होतं. शास्त्राच्या दृष्टीनेही तो चूक होता. हिम जमिनीपर्यंत टिकायला जमिनीजवळ गारठा लागतो. गार तयार व्हायला उलट तापलेली जमीन लागते. वादळी ढगात वर झेपावणाऱ्या हवेत बर्फाचा गोळा तरंगत ठेवला जातो, त्याच्यावर अतिशीत पाण्याचे थरावर थर गोठत जातात आणि तो इतका जड होतो की वितळायला वेळ मिळायच्या आत जमिनीवर आदळतो.

आता उल्हासनगरकडे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखाच्या घरातल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा दिली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचं नाव उल्हासनगर ठेवलं गेलं. पाच कॅम्प, जवळची नदी उल्हास, महिना श्रावणाच्या आगेमागचा. या नगराच्या कहाण्या फाळणीच्या, धंद्याच्या आणि जिद्दीच्या अंगाने पुष्कळ सांगितल्या गेल्या, आणि त्या सांगायलाच हव्यात. पाण्याच्या अंगाने मात्र कुणी फारसं बोलत नाही. हे लोक आले कराचीहून, सिंधमधल्या हैदराबादहून, सक्करहून, शिकारपूर-लारकान्याहून. त्या मुलखात वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर, वरच्या सिंधमध्ये त्याहूनही कमी. उल्हासच्या खोऱ्यात एवढा पाऊस एखाद्या वर्षी जुलैतल्या एका दिवसात पडून जातो, आणि वर्षाची बेरीज अडीच-तीन हजार मिलिमीटरपर्यंत सहज जाते.

तरीही सिंध उजाड नव्हता. गहू होता, भात होता, कापूस होता, खजुराच्या बागा होत्या, मोठी शहरं होती. पाऊस नसून हे सगळं होतं, कारण सिंधू होती. आणि सिंधूच्या वरच्या खोऱ्यातल्या पाण्याचा निम्म्याहून मोठा हिस्सा हिम आणि हिमनद्यांच्या वितळण्यातून येतो. लडाख, गिलगित, काराकोरम इथे हिवाळ्यात साठलेलं हिम वसंतात सुटायला लागतं. नदी चढते. उन्हाळा जितका तापतो तितकी ती फुगते. पंजाबच्या डोंगरांवरचा मॉन्सून त्यात नंतर भर घालतो, पण चढाची सुरुवात हिमाची. पूर चढण्याच्या या हंगामाला सिंधमध्ये आबकलानी म्हणतात. १९३२ मध्ये सक्करचं बराज, म्हणजे सिंधूवरचा बंधारा, सुरू झालं, त्याआधी तिथले बहुतेक कालवे नदी चढली तरच भरत. शेतकऱ्याचं वर्ष त्या चढावर ठरलेलं.

महाराष्ट्रातल्या माणसाने क्षणभर थांबून याचा विचार करावा. ज्या महिन्यांत ऊन सर्वांत कडक त्या महिन्यांत नदी भरत जाते, ही गोष्ट आपल्या अनुभवाच्या अगदी उलट आहे. आपल्याकडे मे महिना म्हणजे तळ दिसणारी विहीर, टँकर आणि हंड्यांच्या रांगा. सिंधूच्या काठी तापलेलं ऊन म्हणजे वर कुठेतरी डोंगर वितळतो आहे आणि पाणी वाटेत आहे, अशी खात्री. छावणीत उतरलेले सगळे काही शेतकरी नव्हते, व्यापारी आणि नोकरदारच जास्त होते. पण नदीवर त्यांचा जो भाव होता त्यात हे गणित मुरलेलं होतं. झुलेलाल हा सिंधी लोकांचा दरियाचा, म्हणजे नदीचा, देव. त्याचं चाळीस दिवसांचं चालिहो व्रत जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या शेवटाकडे येतं, म्हणजे सिंधू पूर्ण भरून वाहते त्या दिवसांत. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या मंदिरात ते आजही मोठ्या श्रद्धेने पाळलं जातं. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या कडाक्याच्या काळाला चिल्लई कलान म्हणतात, तेही चाळीस दिवस. त्या दिवसांतलं हिम लवकर वितळत नाही, म्हणून तिथले लोक त्याला मोलाचं मानतात. झेलमच्या खोऱ्यात त्या चाळीस दिवसांत जे साठतं, त्यातलं काही चिनाबमधून सिंधूत उतरून खाली सिंधपर्यंत जातं. एका चाळिशीने ठेवायचं आणि दुसरीने भरून वाहायचं. हा योगायोग असेल, पण तो मला फार आवडतो.

हिम आणि पाऊस यांच्यात तापमानाचा, आकाराचा, वेगाचा फरक आहेच. माणसाच्या संसाराला भिडणारा फरक मात्र काळाचा आहे. उल्हासनगरच्या बाजारपेठेच्या भाषेत सांगायचं तर पाऊस रोकडा व्यवहार करतो आणि हिम हप्त्यांनी. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. शिवाय ताजं हिम आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातला ऐंशी-नव्वद टक्के भाग परत फेकतं. इतकी उष्णता मिळवायची आणि मिळते ती बहुतेक परत लावायची, म्हणून डोंगरावरचं हिम एका दिवसात संपत नाही. जानेवारीचं पाणी जूनमध्ये मिळतं. कुणी धरण बांधलेलं नसतं.

उल्हासला ही सोय नाही. राजमाचीच्या डोंगरात ती उगम पावते, कर्जत, नेरळ, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. लांबी सुमारे १२२ किलोमीटर. उगमावर पडलेला पाऊस काही तासांत बदलापूरला पोहोचतो आणि एक-दोन दिवसांत खाडीत. तिच्या पाण्यात डोंगरावर साठलेल्या हिमाचा अंशही नाही. नियमाने अशी नदी उन्हाळ्यात आटायला हवी. ती आटत नाही याचं कारण टाटांचं भिवपुरीचं वीजगृह, जे १९२२ मध्ये सुरू झालं. मावळात अंद्रा नदीवर ठोकरवाडीला अडवलेलं पाणी घाटाखाली सोडतात, ते वीज करून उल्हासला मिळतं. खरं तर हे पाणी इंद्रायणीतून भीमेला आणि पंढरपूरकडे जायचं. ते वळून बदलापूरच्या बराजवर येतं आणि बदलापूर-अंबरनाथच्या नळांत उतरतं. मे महिन्यात बदलापूरच्या कुळगावात कुणी नळ सोडला तर हातावर येतं ते मागच्या वर्षीच्या मावळातल्या पावसाचं पाणी. याच्या जोडीला बारवी. औद्योगिक विकास महामंडळाचं हे धरण १९७२ पासूनचं. उंची टप्प्याटप्प्याने वाढवली, आता क्षमता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर. बारवीचं पाणी नदीतून सोडून जांभूळला उचलतात. त्या वाढलेल्या पाण्याखाली आदिवासी पाडे आणि गावं गेली, पुनर्वसनाचे वाद वर्षानुवर्षं चालले, हेही इथेच नोंदवायला हवं. काराकोरमचं हिम जे काम आपोआप करतं, ते सह्याद्रीत करायचं तर कुणाचं तरी घर बुडतं.

आणि ठेवायला जागा उरली नाही की काय होतं तेही या गावांनी पाहिलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो आकडा सर्वांना पाठ आहे. उल्हासच्या काठी त्या रात्री कल्याण, उल्हासनगर, बदलापूरमध्ये काय झालं ते मुंबईबाहेर असल्यामुळे कमी लिहिलं गेलं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ, पाण्यात अडकली. रूळ दिसेनासे झाले होते. सुमारे १०५० प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि गावकऱ्यांनी मिळून बाहेर काढलं. नऊ गर्भवती त्यात होत्या. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची १७.५० मीटर. जुलैतल्या रात्री नदीकाठच्या सोसायट्यांचे व्हॉट्सॲप गट हे दोनच आकडे धरून जागे असतात.

हेच ९४४ मिलिमीटर हिम म्हणून पडलं असतं तर? ताज्या हिमाचे साधारण दहा मिलिमीटर म्हणजे पाण्याचा एक मिलिमीटर, या ढोबळ हिशेबाने साडेनऊ मीटर, तीन मजली बराकही झाकली गेली असती. पण असं होऊच शकत नाही. ३० अंशांची संपृक्त हवा घनमीटरला ३० ग्रॅम बाष्प धरते. शून्य अंशांची जेमतेम ५ ग्रॅम. उणे दहाची त्याच्याही निम्मी. थंड हवेच्या पोटात एका दिवसात एवढं पाणी ओतायला असतंच कुठे? अतिवृष्टी हे उबदार समुद्राच्या काठी राहण्याचं मोल आहे.

हिमाच्या नावावर मात्र सगळं सौम्य असतं असंही समजू नये. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. वालधुनीच्या काठी ते साडेनऊशेहून जास्त पावसाळे सोसत उभं आहे. शेवाळ, झीज, आणि अलीकडे नदीतलं रासायनिक सांडपाणी यांनी त्याचं नुकसान केलं, यात शंका नाही. पण त्याच्या दगडाला एक शत्रू कधी भेटला नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. हिमप्रदेशात भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, दिवसा वितळतं, परत गोठतं, आणि हिवाळ्या-हिवाळ्याला दगड फोडत जातं. अंबरनाथच्या बाह्य भिंतीवरच्या बारीक मूर्तींचे नाकडोळे इतके उरलेत त्याचं थोडं श्रेय काळ्या दगडाला, आणि थोडं इथे पाणी कधी गोठत नाही याला.

हिम कमी होऊन त्याचा पाऊस होत चालला आहे, ही या विषयातली आजची बातमी. जमिनीजवळचं तापमान एक-दोन अंशांच्या वर गेलं की पडणारं हिम वितळूनच खाली येतं. हिमालयातल्या कितीतरी गावांचा हिवाळा नेमक्या या एक-दोन अंशांवर टेकलेला आहे. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वर साठलेल्या हिमावर मुसळधार पाऊस पडला, चोराबारीचा तलाव फुटला, पुढचं सर्वांना माहीत आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार महिन्याच्या शेवटापर्यंत उघडे होते. पाणी एकूण तेवढंच पडलं तरी ते हिम म्हणून पडतं की पाऊस म्हणून, यावर सिंधूला मेमध्ये पाणी असेल की नाही हे ठरतं. डोंगरांवरची साठवण कमी झाली की तिथेही बारव्या बांधाव्या लागतील, आणि त्यांच्याखाली कुणाचे पाडे जातील हा प्रश्न आतापासून विचारलेला बरा. पुस्तकातल्या या विषयावरच्या प्रकरणात माझा सूर थोडा चढला आहे, वाचकाने तो सांभाळून घ्यावा.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल दोन शब्द. पहिली चार प्रकरणं ढगाच्या आतली आहेत, ती क्रमाने वाचावीत. नदीची प्रकरणं कुठूनही उघडली तरी चालतील. शेवटी घरच्या पर्जन्यमापकाची कृती दिली आहे. त्याला सरळ भिंतींची, वर-खाली सारख्या रुंदीची बाटली लागते. कोल्ड्रिंकची निमुळत्या गळ्याची चालत नाही. ती झाडापासून आणि भिंतीपासून दूर ठेवायची आणि वाचन हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला घ्यायचं. त्या वेळी जो आकडा लिहाल तो मागच्या चोवीस तासांचा असतो, पण नोंद होते त्या सकाळच्या तारखेला. अडीच मिलिमीटरपासून पुढे पावसाचा दिवस धरतात, ६४.५ ला जोरदार, ११५.६ ला अतिजोरदार आणि २०४.५ च्या पुढे अतिवृष्टीची टोकाची पायरी. गुलमर्गचा निरीक्षक हाच आकडा हिम वितळवून काढतो आणि मिलिमीटरमध्येच लिहितो. उल्हासनगरचा कॅम्प एक आणि बदलापूरचं बेलवली यांच्यात एकाच दिवशी पन्नास-साठ मिलिमीटरचा फरक आला तर मापक चुकलं असं समजू नका. डोंगर जवळ आला की पाऊस वाढतो. दोन्ही आकडे तसेच लिहा, आणि शेजारी वाऱ्याची दिशा टिपायला विसरू नका.